वाघ्याच्या प्लेटलेट कोणी संपवल्या?

रामबागेत आमच्या समोरच्या वाड्यात वाघ्या राहतो. जात जर्मन शेफर्ड, खाणं मात्र मराठी घरातलं: सकाळी दूधपोळी, रात्री दहीभात. होळकरांचं दैवत खंडोबा, खंडोबाच्या पायाशी कुत्रा, म्हणून काकांनी हौसेनं हे नाव ठेवलं. काका गेले आणि वाघ्या काकूंच्या गळ्यात पडला, तो कायमचाच.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी काकूंनी ओसरीतूनच हाक मारली, "अगं, आधी इकडे ये. वाघ्या शिंकला आणि फरशीभर रक्त उडालं." मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता इंदूरात जनावरांच्या रक्ताच्या तपासण्या करते. त्यामुळे गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्यामांजराला काही झालं की पहिली हाक मला, मग डॉक्टरांना. वाघ्या मान टाकून बसला होता. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या फिकट आणि त्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके. पोटाकडे कातडी पातळ असते, तिथेही तसेच. कानाच्या घडीत चार गोचीड. त्यातला एक तर फुगून अगदी एरंडाच्या बीसारखा झालेला. बारा दिवसांपूर्वी त्याला ताप आला होता, दोन दिवस जेवला नव्हता, मग आपोआप सावरला, असं काकूंनी सांगितलं. गोचीड तापात हे नेहमीचंच: पहिला ताप येतो आणि कोणाच्या डोळ्यांवर यायच्या आत निघूनही जातो.

रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या बारीक पेशी, निघाल्या ३४ हजार. निरोगी कुत्र्यात मायक्रोलिटरमागे साधारण दोन ते पाच लाख असतात.

मशीनने दिलेला हा आकडा मी तसाच लिहून देत नाही. सुईतून येताना किंवा नळीत प्लेटलेटचे गोळे झाले तर मशीनला ते मोजता येत नाहीत आणि धडधाकट कुत्र्याचाही आकडा घाबरवणारा येतो. म्हणून काचेवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, रंग द्यायचा आणि तेलाच्या भिंगाखाली दहा जागी डोळ्यांनी मोजायचं. एका नजरेत सरासरी एक प्लेटलेट दिसली तर ढोबळमानानं रक्तात पंधरा हजार. वाघ्याच्या काचेवर दोन, कुठे तीन, एका जागी एकही नाही. मशीन खरं बोलत होतं.

काकूंचे दोन प्रश्न आले. "कुत्र्यांनाही डेंग्यू होतो का गं?" आणि लगेच, "त्याची प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी दे ना. घरात गुळवेल आहे."

पहिल्याचं उत्तर सोपं: हा डेंग्यू नव्हे. दुसरा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. वाघ्याची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नव्हती. ती जोरात होती. वाघ्याच्या प्लेटलेट संपवण्यात तिचाच मोठा हात होता.

सुरुवात गोचिडाच्या थुंकीपासून करावी लागते. डास चावतो आणि उडतो, गोचीड मात्र दिवसचे दिवस एकाच जागी तोंड खुपसून बसतो. इतका वेळ कातडीनं त्याला सहन करायचं तर कातडीला फसवायलाच हवं. त्याच्या थुंकीत जागा बधिर ठेवणारे, रक्त गोठू न देणारे आणि खाज-सूज उठवणाऱ्या रसायनांना पकडून ठेवणारे पदार्थ असतात. कुठे जखम झाली की शरीर आरडाओरडा करून पांढऱ्या पेशी बोलावतं. गोचीड तो आवाजच दाबून टाकतो. त्याच्या थुंकीबरोबर जे जंतू आत जातात, त्यांना ही शांतता आयतीच मिळते.

इथे एक गंमत आहे. १९३९ साली विल्यम ट्रॅगर या शास्त्रज्ञानं दाखवलं की गिनीपिगला एकदा गोचीड चावून गेले की दुसऱ्या खेपेला त्यांची डाळ नीट शिजत नाही. गिनीपिगच्या कातडीत पेशींची गर्दी जमते आणि गोचिडांना धड रक्त पिता येत नाही. कुत्र्याच्या बाबतीत, निदान आपल्याकडच्या तपकिरी गोचिडापुरतं, असं होत नाही. कितीही वेळा चावून घेतलं तरी कुत्रा त्याच्याशी लढायला शिकत नाही. हा गोचीड पिढ्यानुपिढ्या कुत्र्यावरच पोसला गेला आहे आणि त्याला कुत्र्याची कातडी तोंडपाठ आहे. "अहो, देशी कुत्र्याला सवय असते, काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वाघ्याच्या काचेवर मी पाऊण तास शोधत बसले. मोनोसाइट ही पांढऱ्या पेशींतली मोठी, ढगळ पेशी. बाहेरून आलेलं काहीही गिळून पचवायचं हे तिचं काम. पातळ थराच्या कडेशी एक मोनोसाइट सापडली आणि तिच्या निळसर पोटात जांभळ्या ठिपक्यांचा एक घट्ट घोस, थेट तुतीच्या फळासारखा. त्याला मोरुला म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ तुतीच. हे गोचीड ताप आणणारे एर्लिकिया केनिसचे जंतू. काचेवर ते क्वचितच सापडतात, त्यामुळे सापडले की मी शेजारच्या टेबलावरच्यांना हमखास बोलावते.

आता ही कुठली जागा आहे ते बघा. जंतू पकडून मारणाऱ्या पेशीच्याच पोटात जंतू राहतोय. चोरानं पोलीस चौकीतच खोली घ्यावी, तसं. एरवी मोनोसाइट जे गिळते ते एका पिशवीत बंद होतं आणि ती पिशवी पाचकरसांच्या दुसऱ्या पिशवीला जाऊन मिळते. एर्लिकिया दोन पिशव्या मिळूच देत नाही. शिवाय बहुतेक जिवाणूंच्या अंगावर जी आवरणं असतात, ज्यांवरून शरीर "हा परका" असं ओळखतं, त्यांतली महत्त्वाची आवरणं त्यानं केव्हाच टाकून दिली आहेत. गणवेश नाही, ओळखपत्र नाही, आणि मुक्काम चौकीत.

यावर शरीराकडे दोन वाटा असतात. एक अँटिबॉडीची. या रक्तात तरंगत फिरतात आणि बाहेर दिसेल त्या जंतूला चिकटतात. दुसरी टी पेशींची. त्या गिळणाऱ्या पेशींना इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप पाठवतात, ज्याचा मतलब एवढाच: तुझ्या पोटात जे आहे ते आता मार. एर्लिकिया पेशीच्या आत असल्यामुळे दुसरी वाट खरी कामाची. अँटिबॉडी दाराबाहेर काठ्या आपटत राहतात. आणि शरीराची चूक अशी की ते नेमक्या याच वाटेवर बेसुमार जोर लावतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना उधाण येतं, तऱ्हेतऱ्हेच्या अँटिबॉडींचा रक्तात पूर येतो. रिपोर्टमध्ये ग्लोब्युलिन (रक्तातलं जे प्रोटीन, त्यात अँटिबॉडीही आल्या) चढलेलं आणि अल्ब्युमिन हे दुसरं प्रोटीन उतरलेलं दिसतं, ते म्हणूनच.

या पुराला कुठेतरी जावं लागतं. काही अँटिबॉडी जंतूच्या तुकड्यांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात आणि ते मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. मग लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं. डोळ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकले तर डोळा लाल आणि धुरकट होतो. काही अँटिबॉडी चक्क स्वतःच्या प्लेटलेटवर जाऊन बसतात. रक्तात काही खुणेचं दिसलं की ते उचलून खायचं काम पाणथरीचं, म्हणजे प्लीहेचं. ती इमानदारीनं त्या प्लेटलेट खाऊन टाकते, शिवाय सुजल्यामुळे चांगल्या प्लेटलेटही अडकवून ठेवते. प्रयोगात ज्या कुत्र्यांची प्लीहा आधीच काढलेली होती, त्यांना हा आजार सौम्य झाला, असं दिसलं आहे. म्हणजे इतकं नुकसान घरचं. वाघ्याच्या नाकातलं रक्त हा त्याचाच हिशोब.

या जंतूच्या नावाची कथा मला फार आवडते. पॉल एर्लिक हे प्रतिकारशास्त्राच्या आद्यपुरुषांपैकी एक. १९०८ चं नोबेल त्यांना आणि इल्या मेचनिकॉव्ह यांना विभागून मिळालं. मेचनिकॉव्ह यांनी जंतू गिळणाऱ्या पेशी दाखवून दिल्या, एर्लिक अँटिबॉडींच्या बाजूचे. शरीर स्वतःवरच विष टाकायला धजत नाही, असंही एर्लिक यांचं मत होतं. या जंतूंच्या कुळाला १९४५ साली त्यांच्या सन्मानार्थ एर्लिकिया नाव दिलं गेलं. आणि हा जंतू करतो काय? मेचनिकॉव्ह यांच्या पेशीत राहतो, एर्लिक यांच्या अँटिबॉडीला फिरवून कुत्र्याच्याच प्लेटलेटवर सोडतो, आणि शरीर स्वतःवर हात उगारत नाही हे मत रोज खोटं पाडतो. नोबेल समितीच्या दोन्ही मानकऱ्यांची अशी थट्टा दुसऱ्या कोणी केली नसेल.

मग सगळेच कुत्रे का मरत नाहीत? कारण पुष्कळांची टी पेशींची वाट वेळेवर जागी होते. ताप जातो, प्लेटलेट पुन्हा वर येतात, जंतू मात्र प्लीहेत दबून राहतो. असे कुत्रे महिने, कधी वर्षंही, खातापिता फिरतात. काहींच्यात तो अखेर संपतो. काहींच्यात हाडांच्या आतल्या मज्जेवर उतरतो, जिथे लाल, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. ती मज्जा ओस पडली की तिन्हींचं उत्पादन बंद. त्या टप्प्यावर आलेला कुत्रा औषध देऊनही वाचणं अवघड.

जर्मन शेफर्ड इथे कमनशिबी आहेत. व्हिएतनाममध्ये १९६८ नंतरच्या दोनेक वर्षांत अमेरिकी लष्कराचे शंभराहून जास्त कुत्रे रक्तस्राव होऊन गेले, आणि त्यांत भरणा शेफर्डचा. त्याआधी हा जंतू माहीत होता, १९३५ साली अल्जीरियात सापडलेला, पण त्याचं कोणाला फारसं वाटत नव्हतं. पुढे बीगल आणि शेफर्ड यांना शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा अँटिबॉडी दोघांनीही केल्या होत्या, पेशींची प्रतिक्रिया मात्र शेफर्डमध्ये मंद निघाली. काकूंना मी हे त्या दिवशी सांगितलं नाही. महिनाभरानं सांगितलं.

गोचिडाच्या वाटेनं येणारा दुसरा पाहुणा बेबेसिया हा परजीवी. तो लाल पेशीत राहतो. बेबेसिया गिब्सोनी ही त्याची बारीक, अंगठीसारखी जात १९१० मध्ये पॅटन यांना मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात सापडली, म्हणजे हा आपल्याच मातीतला. तो कुत्र्यांच्या मारामारीत रक्ताला रक्त लागूनही पसरतो. इथेही तोच प्रकार, फक्त बळी वेगळा. बाधित लाल पेशी थोड्याच असतात, पण शरीर न बाधलेल्या पेशींनाही खुणा लावून ठेवतं आणि प्लीहा त्या मोडीत काढते. म्हणून काचेवर परजीवी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि कुत्रा मात्र पांढराफटक, लघवी कॉफीसारखी, डोळे पिवळे, असं चित्र दिसतं. हे डोळ्यांनी पाहायची एक साधी रीत आहे. काचेवर रक्ताचा एक थेंब, त्यात सलाइनचा थेंब, आणि काच हळू हलवायची. चांगलं रक्त गुलाबी होऊन सारखं पसरतं. अँटिबॉडी चिकटलेलं रक्त फाटलेल्या दुधासारखं कणाकणांनी जमतं. मी मालकांना मुद्दाम हे दाखवते. आकड्यांपेक्षा लवकर पटतं.

बेबेसिया गिब्सोनी औषधानं पूर्ण निघून जाईलच असं नाही. थोडासा अंगात राहतो, आणि त्या थोडक्यावरच प्रतिकारशक्ती जागी राहते. तडजोड म्हणा. कुत्र्याची प्लीहा काढली किंवा स्टेरॉइड चालू झालं की ही तडजोड मोडते.

तिसरा हेपॅटोझून. तो १९०५ साली भारतातच पहिल्यांदा नोंदला गेला, आणि त्याची तऱ्हाच उलटी: गोचीड चावल्यानं होत नाही, कुत्र्यानं गोचीड चावून गिळला की होतो. अंगावरचा गोचीड दातांनी काढणाऱ्या कुत्र्याचं कौतुक करू नका एवढंच.

वाघ्याच्या डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन लिहिलं. सर्वसाधारण मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, २८ दिवस. चार-पाच दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागतो आणि नव्वद टक्के घरांत गोळ्या तिथेच थांबतात (हा आकडा माझ्या चिडचिडीचा, शास्त्राचा नव्हे). गोळी कोरडी घशात टाकू नये. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. पोळीच्या तुकड्यात द्यावी, वर पाणी पाजावं. दूध-दह्याबरोबर मात्र नको, कारण त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. म्हणजे वाघ्याचा रात्रीचा दहीभात दुपारी आला आणि गोळी रात्री. काकूंना औषधापेक्षा हा बदल जड गेला.

स्टेरॉइडचा प्रश्न इथे येतोच. शरीरच प्लेटलेट खातंय, तर शरीरालाच गप्प का करू नये? जीवावर बेतलेला रक्तस्राव असेल तर डॉक्टर अँटिबायोटिकच्या जोडीनं थोडे दिवस देतात, आणि ते बरोबरही असतं. पण नुसतं स्टेरॉइड दिलं तर पहारा झोपतो आणि चौकीतला चोर मोकळा होतो. आधी जंतूचा बंदोबस्त. तो कमी झाला की अँटिबॉडींचा गोंधळ बहुतेकदा आपोआप निवळतो. वाघ्याला स्टेरॉइड लागलं नाही. सहाव्या दिवशी प्लेटलेट ९० हजारांवर होत्या. आणि माणसांची दुखण्यावरची गोळी, आयब्युप्रोफेन वगैरे, अशा कुत्र्याला चुकूनही देऊ नये. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती वाईट असतेच, वर प्लेटलेटला कामही करू देत नाही.

आता गोचीड. आमचं इंदूर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं, गल्लीत कागदाचा कपटा सापडत नाही, पण गोचिडाला कचरा लागतच नाही. त्याला भिंतीची भेग पुरते. हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढतो आणि तीनदा उतरतो. बाकी सगळा काळ घरात. पोट भरलेली मादी उतरते, भिंत चढते आणि एखाद्या सांदीत हजारावर, कधी चार हजारांपर्यंत अंडी घालून मरते. कुत्रा धुतला, फवारला, तरी घरात पुढची पलटण तयारच. एर्लिकिया आईकडून अंड्यात जात नाही, गोचीड तो एखाद्या आजारी कुत्र्याकडूनच उचलतो. त्यामुळे गल्लीतला एक न बरा झालेला कुत्रा सगळ्यांना पुरतो. आणि गोचीड चिकटल्यावर तीन तासांतसुद्धा हा जंतू आत जाऊ शकतो. "संध्याकाळी काढू" हे चालत नाही. बेबेसियाला दोन-तीन दिवस लागतात, तेवढी तरी सवलत. गोचीड मारणाऱ्या नव्या गोळ्या उत्तम आहेत, पण गोचीड चावल्यावरच त्या त्याला मारतात. म्हणून चावूच न देणारा पट्टा आणि घराची डागडुजी या दोन्हींना पर्याय नाही. रॉकेल, उदबत्तीचा चटका, नखांनी चिरडणं, हे सगळं सोडून द्यावं. चिमट्यानं कातडीलगत धरायचं आणि सरळ ओढायचं.

काकूंच्या ओसरीत आम्ही एक रविवार घालवला. खालच्या भेगांत फार काही नव्हतं. हा प्राणी वर चढतो, हे आठवून मी खंडोबाची तसबीर उतरवायला सांगितली. काकू जरा नाखूश होत्या. तसबिरीच्या मागे चौकटीच्या कोपऱ्यात तपकिरी, साबुदाण्याहून बारीक दाण्यांचा ढीग चिकटलेला होता, आणि शेजारी सुकलेली मादी. काकूंनी एक शब्द न बोलता पांढऱ्या सिमेंटचा डबा आणायला मुलाला पाठवलं.

२८ दिवस झाले. प्लेटलेट दोन लाख ४० हजार. सोबत काकूंनी हौसेनं पट्टीची टेस्टही करवून आणली आणि तणतणत माझ्याकडे आल्या, "अजून पॉझिटिव्ह! एवढ्या गोळ्या खाऊन!" ती पट्टी जंतू शोधत नाही, अँटिबॉडी शोधते. अँटिबॉडी बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने, काहींच्यात वर्षानुवर्षं रक्तात राहतात. उलटही होतं: आजाराच्या पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी तयारच नसतात, तेव्हा पट्टी कोरी येते आणि मालक निर्धास्त होतात. जंतू खरंच आहे का हे पाहायचं तर पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, आणि कुत्रा सुधारतोय का हे पाहायचं तर प्लेटलेट आणि ग्लोब्युलिन. अँटिबॉडी आहेत म्हणून पुढच्या वेळी तो वाचेल, असंही नाही. त्या संरक्षण देत नाहीत, आणि आजवर या आजारावर बाजारात लसही नाही.

"मग ती रेघ काय कामाची?" काकूंनी विचारलं.

"एवढंच सांगते की हा जंतू कधीतरी येऊन गेलाय."

डिसेंबरात पुन्हा रक्त घेतलं. ग्लोब्युलिन उतरलं होतं, प्लेटलेट तीन लाखांच्या वर. पट्टीवर रेघ होतीच, थोडी फिकट. काकूंनी ती चष्मा लावून पाहिली, पट्टी पिशवीत घालून वाघ्याच्या फायलीत ठेवली आणि दहीभात कालवायला आत गेल्या.